गर्भारपणात मालीश करावी काय?



डिचोली तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. तिला सातवा महिना लागला आहे. पाठ दुखते, रात्री पायांत वांब येतात, कूस बदलता बदलता पहाट होते. सासूबाईंचे म्हणणे असे की, वाड्यावरील म्हाताऱ्या वैजिणीला बोलवावे. ती चार दिवस अंगाला तेल लावून रगडील व पोटावरून हात फिरवून मूलही ‘सरळ’ करील. सासूबाईंच्या स्वतःच्या बाळंतपणांत असेच झाले होते. उलट पेडण्यास दिलेली नणंद सांगते की, हरमलच्या किनाऱ्यावर आता मसाजची केंद्रे निघाली आहेत, तेथे जावे. म्हाताऱ्या बायकांच्या हाती पडू नये. आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंना असले काही विचारण्याचा तिला संकोच वाटतो. ‘मी कोणाचे ऐकू?’ असे तिने शेवटी लिहिले आहे.

उत्तर आधी सांगून टाकतो, मग कारणे पाहू. प्रकृती निरोगी असेल, डॉक्टरांनी कोणतेही विशेष पथ्य सांगितले नसेल, तर पाठ, कंबर, खांदे, हात व पाय ह्यांना हलक्या हाताने तेल लावून घेण्यास हरकत नाही. त्याने आराम पडतो, झोप लागते, मनाची भीतीही थोडी कमी होते. परंतु पोट कोणालाही दाबू देऊ नये. वैजिणीला नाही, केंद्रातील शिकलेल्या मुलीला नाही, आणि प्रेमाने पुढे आलेल्या आईलाही नाही. आणि जे दुखणे थकव्याचे नसून आजाराचे आहे, त्यावर तेल चोळीत बसू नये. ते डॉक्टरांना दाखवावे.

वैजिणीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण हल्ली तिला अडाणी म्हणून हिणवण्याची रीत पडली आहे व ती आम्हांस पसंत नाही. पणजीस वैद्यकीय शाळा निघाली ती १८४२ साली. पुढे १९६३ साली तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पण पणजीत डॉक्टर तयार होत होते म्हणून पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या खेड्यात रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या स्त्रीला त्यांचा कितीसा उपयोग? मध्ये नद्या, रस्ते थोडे, वाहने त्याहून थोडी. शिवोली-चोपड्याचा पूल होण्यापूर्वी पेडण्याच्या किनाऱ्याकडील माणसाला म्हापशाची वाट धरायची तर फेरीबोटीकडे डोळे लावून बसावे लागे. अशा वेळी कंदील घेऊन धावत येई ती वैजीणच. हिंदूच्या घरी तीच, ख्रिस्ती माणसाच्या घरी तीच. घाबरलेल्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवीत रात्रभर तिच्याजवळ बसून राहणे, हे तिचे काम आजच्या मोठ्या इस्पितळांतही पुष्कळदा कोणी करीत नाही. तिच्या हाताचा हा गुण आपण राखावयास हवा.

परंतु ‘मूल सरळ करणे’ ही तिची दुसरी विद्या मात्र आता सोडून द्यावयास हवी. ह्या विद्येची कीर्ती कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे २८ आठवड्यांस, शंभरातील वीस-पंचवीस मुले पोटात डोके वर व ढुंगण किंवा पाय खाली अशी असतात. दिवस भरेपर्यंत त्यांतील बहुतेक मुले आपण होऊन फिरतात व डोके खाली घेतात. शेवटी शंभरी तीन-चारच उलटी राहतात. आता वैजिणीला बोलावतात ती केव्हा? नेमकी सातव्या-आठव्या महिन्यात. तिने हात फिरवला काय आणि न फिरवला काय, बहुतेक मुले फिरणारच असतात. यश मात्र हाताच्या पदरी पडते. ज्या थोड्या घरी काही विपरीत घडले, त्या घरी लोक नशिबाला बोल लावून गप्प बसले. म्हणून आजीच्या काळी सर्व ठीक होत असे, असे आपल्याला वाटते.

विपरीत ते काय घडते? मुलाला अन्न व प्राणवायू पुरवणारी वार गर्भाशयाच्या भिंतीला आतून चिकटलेली असते. पोट जोराने दाबले किंवा पिळले तर ती वेळेआधी सुटू शकते. मग आत रक्तस्राव होतो व कधी कधी तो बाहेर दिसतही नाही. आईचा चेहरा पांढरा पडतो, पोट लाकडासारखे घट्ट होते, आणि मुलाचे प्राण काही मिनिटांत धोक्यात येतात. वार मुळातच खालच्या बाजूला असेल तर भय अधिक. पूर्वीचे एखादे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल तर गर्भाशयावरील जुना व्रण उसवण्याचे भय. ह्यांतील एकही गोष्ट बाहेरून बोटांना कळत नाही, मग ती बोटे कितीही अनुभवी असोत.

डॉक्टरही क्वचित मूल बाहेरून फिरवतात, हे खरे आहे, आणि सासूबाईंनी तसे म्हटले तर त्या चुकीचे बोलत नाहीत. पण ते काम इस्पितळात होते, ३६-३७ आठवडे उलटल्यावर होते. सोनोग्राफीने वार कोठे आहे, पाणी किती आहे हे आधी पाहतात; आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह असल्यास त्यासाठी इंजेक्शन देतात; मुलाच्या हृदयाचे ठोके मोजीत हात चालतो; आणि गरज पडली तर लगेच शस्त्रक्रिया करता यावी अशी तयारी असते. एवढे करूनही सुमारे निम्म्याच खेपांना मूल फिरते. ज्या कामासाठी जाणत्यांना एवढा सरंजाम लागतो, ते ओसरीवर चटई टाकून करण्याचे धाडस आपण का करावे? कळा चालू असता पोट वरून खाली दाबण्याची जी पद्धत आहे, तीही करू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे उमगले होते. चरकाचार्यांनी गर्भवतीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. भांडे हिंदकळू न देता जसे न्यावे तसे तिला जपावे, असा त्यांचा आशय. ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ असे म्हणून पोट रगडणाऱ्यांनी ही उपमा लक्षात ठेवावी.

आणखी एक घातकी समजूत ‘बेंबी सरकली’ ही होय. ओटीपोटात दुखू लागले की बेंबी सरकली म्हणावे व कोणाकडून तरी पोट चोळून घ्यावे, ही चाल खेड्यांत अजून आहे. पाळी चुकलेली आहे, नुकतेच दिवस गेले आहेत किंवा गेल्याचा संशय आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येते, चक्कर येते, कधी खांद्याच्या टोकाशी दुखते. अशा वेळी गर्भ गर्भाशयात न राहता बाहेर, नळीत राहिलेला असू शकतो. ती नळी फुटली तर पोटात रक्त साठून तरुण स्त्री काही तासांत दगावते. येथे चोळण्यात घालवलेला एक तासही फार महाग पडतो. आधी इस्पितळ गाठावे.

तेल लावण्यापूर्वी पायांकडे नीट पाहावे, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. गर्भारपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते. बाळंतपणी फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गानेच ही तरतूद केली आहे. पण तिच्यामुळे पायाच्या आतील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव चार-पाच पटींनी वाढतो, व बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तो त्याहूनही अधिक असतो. एकच पाय सुजला आहे, बहुधा डावा; पोटरी दुखते, हाताला गरम लागते, कातडी लालसर दिसते; तर त्या पायाला तेल लावू नये, पोटरी मळू नये. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसली तर श्वास कोंडून मृत्यू ओढवतो. ‘पाय भरून आला आहे, जरा रगडून दे,’ असे म्हणून आपण नेमके हेच करतो.

दोन्ही पावलांना संध्याकाळी थोडी सूज येते, ती बहुतेकींना येते व रात्री पाय उंच ठेवून निजले की उतरते. पण सूज एकाएकी तोंडावर व हातांवर आली, बांगड्या घट्ट झाल्या, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले किंवा छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर ते रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते. विसाव्या आठवड्यानंतर हा विकार होतो व दुर्लक्ष केल्यास झटके येतात. डोक्याला तेल थापून आणि कपाळाला बाम चोळून तो उतरत नाही. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे.

खाजेचेही असेच. पोटाची कातडी ताणते म्हणून खाज सुटते. तिला खोबरेल तेल पुरते. परंतु पुरळ नसता तळहात व तळपाय ह्यांना खाज सुटली व ती रात्री वाढू लागली, तर यकृताचा एक विकार असण्याचा संभव असतो व त्यापासून मुलाला धोका पोहोचतो. रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. जाता जाता हेही सांगून ठेवतो की, पोटावरच्या चिरा तेलाने टळतात हे अद्याप सिद्ध झालेले नाही. तेल लावावे ते बरे वाटते म्हणून. महागड्या बाटल्यांवर पैसे उधळू नयेत.

आता पायाळू माणसाची गोष्ट. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला म्हणजे उसण जाते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शिकलेली माणसेही हसत हसत पाठ पुढे करतात. एरवी ह्या गमतीने कोणाचे फार बिघडत नसेल. पण गर्भवतीच्या पाठीवर कोणाचाही पाय पडता कामा नये, तो पायाळूचा असो की बिशपांचा असो! गर्भारपणात सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, पोटाच्या भाराने कंबर पुढे झुकते, म्हणून पाठ दुखते. त्यावर जोराचा दाब हा उपाय नाही.

मग मालीश करावी कशी? वैजीण किंवा घरची जाणती बाई असेल तर उत्तम. पण आमच्या मते पतीनेच हे काम शिकून घ्यावे व त्यात लाज मानू नये. हात साबणाने धुवावे, नखे कापावी, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्या. जेवण होऊन तास-दीड तास तरी झालेला असावा. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व थकवा असतो, तेव्हा खांदे, मान व पावले एवढ्यावर भागवावे. पोट वाढू लागल्यावर, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, तिला उताणी निजवू नये. गर्भाशयाचा भार पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घेरी येते व मुलाचे रक्तही कमी होते. पालथे निजणे तर नकोच. डाव्या कुशीवर निजवावे, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी द्यावी, पोटाखाली एक लहान उशी किंवा घडी केलेले लुगडे सरकवावे. अथवा तिने पाटावर वा स्टुलावर बसून समोरच्या खाटेवर उशी ठेवून तिच्यावर ओणवावे. पाठीला तेल लावण्यास ही बैठक फार सोयीची.

तळहाताने, सावकाश, कातडीवरून हात सरकेल एवढ्याच दाबाने चोळावे. पाठीच्या कण्यावर दाब देऊ नये, त्याच्या दोन्ही अंगांनी खालून वर हात न्यावा. पायांना घोट्यापासून गुडघ्याकडे हलका हात फिरवावा. फुगलेल्या निळ्या शिरा दिसत असतील तर त्यांवरून हात नेऊ नये. अंगठे रुतवणे, कोपराने रगडणे, हाडे मोडून आवाज काढणे, ह्यांतले काही नको. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. तिला ‘दुखते’ असे म्हणण्याची मोकळीक असावी आणि ती म्हणाली की हात तेथल्या तेथे थांबावा. ‘सोस थोडे, मग बरे वाटेल,’ हे वाक्य येथे वापरावयाचे नाही. रात्री वांब आला तर चोळण्याआधी गुडघा सरळ करून पावलाची बोटे आपल्याकडे ओढावी. वांब लवकर सुटतो.

तेल म्हणाल तर घाण्याचे खोबरेल सर्वांत बरे; तिळाचेही चालते. कापूर घातलेली तेले, झोंबणारे बाम, सांधेदुखीची मलमे डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नयेत. ह्या मलमांतील काही औषधे कातडीतून रक्तात जातात, आणि वेदनाशामक औषधांची एक जात विसाव्या आठवड्यानंतर मुलाला बाधक ठरते. मालीश झाल्यावर भाणातले कढत पाणी अंगावर घेण्याची आपली हौस दांडगी. पण पाणी कोमटच असावे. आणि तेलकट पावलांनी न्हाणीत जाऊ देऊ नये. आधी पावले कोरड्या पंचाने पुसावी, कोणीतरी दाराशी उभे राहावे. मालिशीने न झालेला अपघात न्हाणीतल्या शेवाळावर होतो.

किनाऱ्यावरील केंद्रांविषयी. मोरजी, मांद्रे, हरमल ह्या भागांत पाहुण्यांसाठी अशी दुकाने पुष्कळ झाली आहेत, व आपल्या गावच्या काही मुलीही तेथे प्रामाणिकपणे पोट भरतात. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. परंतु दारावर आयुर्वेदाचा फलक आहे म्हणून आत वैद्य आहे असे होत नाही. आणि धडधाकट प्रवाशाचे अंग रगडण्यास शिकलेला हात गर्भवतीसाठी शिकलेला असतोच असे नाही. जावयाचेच असेल तर आधी सांगावे की, मला इतके महिने आहेत. त्यावर त्यांनी रक्तदाब, रक्तस्राव, डॉक्टरांचे मत ह्यांविषयी काहीच विचारले नाही व ‘पालथ्या निजा’ म्हणाले, तर चप्पल पायांत घालून घरी यावे. वाफेची पेटी, तापवलेले दगड, पोटाला बांधावयाच्या गरम पोटल्या, ह्यांच्या वाटेस जाऊ नये. पंचकर्मे ही औषधोपचारांत मोडतात. ती शिकलेल्या वैद्याने, तिच्या डॉक्टरांच्या माहितीने करावयाची.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तेलाने साधणार नाही. काजूच्या मोसमात सकाळपासून बागेत वाकून बोंडू वेचावयाचे, डोक्यावरून पाण्याची घागर आणावयाची, दुपारी विळीवर बसून नारळ खवायचे, आणि रात्री पाठ दुखते म्हणून मालीश करून घ्यावयाची. ह्यात काय अर्थ? सातव्या महिन्यातील सुनेला वाकण्याच्या कामातून सोडवले तर निम्मी पाठदुखी आपोआप थांबेल. थोडे चालणे, डॉक्टरांनी दाखवलेला हलका व्यायाम, कंबरेला आधार देणारा पट्टा, ह्यांचा उपयोग होतो.

आमच्या पत्रलेखिका भगिनीने सासूबाईंशी वाद घालू नये. त्यांना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. तेथे सासूबाईंच्या देखत विचारावे: वार कोठे आहे, मूल कसे आहे, रक्तदाब किती, आणि पाठीला तेल लावून घेतले तर चालेल काय? डॉक्टरीणबाईंना ह्या प्रश्नाचे हसू येणार नाही. खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना तो रोजचा आहे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकले म्हणजे सासूबाईंचाही मान राहतो, आणि वैजिणीला पाठीसाठी बोलावता येते, पोटासाठी नव्हे. जुळी मुले, पूर्वी दिवस भरण्याआधी झालेले बाळंतपण, हृदयविकार, खाली असलेली वार, ह्यांतले काही असेल तर डॉक्टर कदाचित मालीश पूर्णच बंद करतील, ते ऐकावे.

अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, पोट घट्ट होऊन दुखू लागले, ताप आला, मुलाचे फिरणे कमी वाटले, तर पोटाला हात न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेडणेकरांना तुये, डिचोलीकरांना डिचोली व साखळी येथील सरकारी केंद्रे जवळ. पुढे म्हापशाचे जिल्हा इस्पितळ व बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीचे कार्ड व सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावे.

बाळंतिणीच्या मालिशीचा प्रश्न वेगळा आहे. शस्त्रक्रियेचे टाके, पोट बांधण्याची चाल, शेगडीचा धूर आणि तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात तेल घालण्याची खोड, हे सर्व त्यात येते. त्याविषयी पुढील खेपेस.